काळी चार ते काळी तीन : एका सिंधूचं प्रकरण

हे प्रकरण एका अभिनेत्रीचं आहे आणि तिच्या एका पदाचं. नाटक ‘एकच प्याला’, भूमिका सिंधूची, पद ‘कशि या त्यजू पदाला’, गाव मुंबई. तालमींना मी प्रॉम्प्टिंगला बसायचो आणि हिशेबाची वहीही माझ्याकडेच होती, त्यामुळे रंगपटात काय चाललंय आणि तिकीटबारीवर काय चाललंय हे दोन्ही कळत होतं. अभिनेत्रीचं नाव मुद्दाम देत नाही. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो, इथेही तेच ठेवतो.

ताई गिरगावातल्या चाळीत वाढलेली, लग्नानंतर डोंबिवलीला गेलेली. गाण्याची तालीम लहानपणापासून. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत ‘शारदा’ केली तेव्हा कॉलेजात होती. मग ‘संशयकल्लोळ’ची रेवती, ‘सौभद्र’ची सुभद्रा, ‘मानापमान’ची भामिनी आणि शेवटी ‘स्वयंवर’ची रुक्मिणी. या क्षेत्रातल्या बाईला ज्या पायऱ्या चढाव्या लागतात त्या सगळ्या ती चढली. पोट मात्र या नाटकांवर कधीच भरलं नाही. संगीत नाटकाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, काय असते हे मला विचारू नका, लिहायलाही संकोच वाटतो. घर चाललं ते मालिकांवर. तिथे ती गेली काही वर्षं कुणाची तरी सासू असते. दिवसभर ठाण्यात शूटिंग, संध्याकाळी दादरला तालीम आणि रात्री शेवटच्या लोकलची घाई.

सिंधू तिच्याकडे चाळिशी उलटल्यावर आली, आणि अडचण तिथूनच सुरू झाली.

भूमिका कुणाच्या मापाच्या?

संगीत रंगभूमीवरच्या ज्या भूमिकांना आपण अभिजात म्हणतो, त्या जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या गळ्यासाठी बांधलेल्या आहेत. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं, दोन वर्षांनी ‘सौभद्र’. शकुंतला आणि सुभद्रा रंगवली ती भाऊराव कोल्हटकरांनी. बालगंधर्व 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, तेही शकुंतला म्हणूनच. 12 मार्च 1911 ला मुंबईच्या रिपन थिएटरात ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्या दिवशी त्यांची मुलगी गेली होती, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की आपण त्यातलं एक साधं सत्य विसरतो : भामिनीचं प्रत्येक पद, प्रत्येक लाजणं, प्रत्येक मुरका एका पुरुषाच्या अंगावर बेतून शिवलेला आहे. ‘स्वयंवर’ 1916 चं. भास्करबुवा बखल्यांनी ‘नाथ हा माझा’ आणि ‘मम आत्मा गमला’ बांधली तीही याच गळ्यासाठी.

बायका रंगमंचावर आल्या त्या पुढे. हिराबाई बडोदेकरांनी 1929 च्या सुमारास स्वतःची नाटक मंडळी काढली आणि ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’ केलं. मुंबईत 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळ्यांना उभं केलं. पण हे आधुनिक नाटक होतं, आणि तिथे तुलना करायला मागे कुणी नव्हतं. 1964 च्या ‘मत्स्यगंधा’त आशालता वाबगावकरांनाही तो फायदा मिळाला. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी ‘गर्द सभोवती रान साजणी’ची चाल बांधली तेव्हा पुढ्यात बाईचा गळा होता. रुक्मिणी किंवा सिंधू करणाऱ्या बाईला मात्र दुसऱ्याच्या मापाचं पोलकं उसवून, टीप मारून घालावं लागतं, आणि समोर बसलेल्या प्रत्येक आजोबांना मूळ शिंप्याचं नाव पाठ असतं.

ताईने वीस वर्षं हे पोलकं बिनतक्रार घातलं. तिच्या रुक्मिणीला टाळ्या पडायच्या त्या बहुतेक वेळा बालगंधर्वांच्या हुबेहूब उचललेल्या जागांना. मला ते आवडायचं नाही असं नाही. पण एखादी बाई, बाई कशी दिसते हे एका पुरुषाकडून शिकतेय, याची गंमत वाटायची.

प्रसंग

हे नाटक लिहिणारे राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग त्यानंतर महिन्याभरात, 20 फेब्रुवारीला, बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने केला. पदं वि. सी. गुर्जरांची. भरजरी शालू-पैठण्यांसाठी माहीत असलेल्या बालगंधर्वांनी सिंधूसाठी ठिगळाचं लुगडं नेसलं, याचं त्या काळात फार अप्रूप होतं.

आमच्या निर्मात्याला हे नाटक अडीच तासांत बसवायचं होतं. पूर्वी प्रयोग रात्रभर चालायचे, ‘सौभद्रा’त तर शंभराहून जास्त पदं. आज नाट्यगृहाचं सत्र ठरलेलं, पुढच्या प्रयोगाचा सेट दाराशी टेम्पोत उभा. शनिवार-रविवारच्या चांगल्या तारखा धावत्या विनोदी नाटकांना जातात, संगीत नाटकाला उरलेलं. तेव्हा कापाकापी अटळ होती आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती.

तक्रार होती ती एका पदाबद्दल. सिंधूचा भाऊ पद्माकर तिला दारुड्या नवऱ्याच्या घरातून माहेरी न्यायला येतो आणि ती निघायला नकार देते, तिथलं ‘कशि या त्यजू पदाला’. नवऱ्याचे पाय कसे सोडू, एवढाच त्याचा भाव. शंभर वर्षांपूर्वी प्रेक्षागृह इथे रडायचं. आज काय होईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तालमीत तीन मतं होती. दिग्दर्शकाला पदच नको होतं. त्याचं म्हणणं, नकार संवादातच आलाय, वर गाणं कशाला? निर्माता म्हणाला, “पद काढलंत तर अर्धी तिकिटं परत येतील. म्हातारी माणसं तेवढ्यासाठीच येतात.” याला आकडा नव्हता, पण गिरगाव-दादरचा प्रेक्षक मीही ओळखतो, बोलणं खोटं नव्हतं. ऑर्गनवाले काका म्हणाले, पद पूर्ण घ्या, परंपरेप्रमाणे घ्या आणि लोकांवर सोडा. ताई गप्प होती. तिची काळजी वेगळीच होती, आणि ती तिने फक्त काकांना सांगितली : वरचे सूर पूर्वीसारखे लागत नव्हते.

पहिला प्रयोग काकांच्या मताप्रमाणे झाला. गिरगावात, साहित्य संघाच्या नाट्यगृहात. पद सुरू झालं आणि पुढच्या रांगांतून ओठ हलायला लागले. संपल्यावर “वन्स मोअर!” ताईने पुन्हा घेतलं, सवयीने. आता गंमत बघा. पद्माकर झालेला नट विंगेकडे पाठ करून उभा, त्याला बहिणीचा नकार एकदा ऐकून झालाय, आता तोच नकार तानांसकट दुसऱ्यांदा ऐकायचा. कळवळून आलेला भाऊ मैफलीला आलेल्या पाहुण्यासारखा माना डोलवत उभा राहिला. दुसरं काय करणार बिचारा? प्रसंग तिथेच मेला. टाळ्या मात्र कडाडून झाल्या.

दुसरा प्रयोग पार्ल्याला. कॉलेजची मुलंमुली बरीच होती. पहिल्याच ओळीला मागून कुणीतरी हसलं, मग आणखी दोघंतिघं. हसू कुचेष्टेचं नव्हतं. अविश्वासाचं होतं, आणि ते जास्त वाईट. त्या रात्री रंगपटात ताई टिकल्या काढत आरशासमोर बसली होती. म्हणाली, “अरे, सिंधूला हसले असते तर चाललं असतं. ते मला हसले. सिंधू तिथे नव्हतीच, मी गात होते.”

माझ्या मते निदान इथेच झालं. नंतरचं सगळं औषधपाणी.

काकांचा हिशेब

ताई आयुष्यभर काळी चारमध्ये गायली, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा तिचा सा. नायक, म्हणजे सिंधूचा नवरा सुधाकर, गातो काळी एकमध्ये. एकाच प्रवेशात दोघांची पदं असली की ऑर्गनवाल्याची बोटं एका पट्टीवरून दुसरीवर पळतात आणि तबलजीपुढे दोन तबले लागतात. नाहीतर काळी एकचा तबला बायकांच्या पदांना मध्यमात चालवून घ्यायचा. कारण काळी चारला षड्ज धरला तर काळी एक हा तिचा मध्यम येतो. चालतं, पण प्रत्येक पदाला शोभत नाही.

काकांनी तिला काळी तीनवर उतरायला सांगितलं. ताईचा चेहरा पडला. गाणाऱ्या बाईला पट्टी उतरवणं म्हणजे वय कबूल करणं वाटतं, त्यात पुन्हा चार लोक कुजबुजणार. काका शांतपणे म्हणाले, “अगं, काळी तीनचा पंचम कुठला? काळी एक. म्हणजे नायकाचा सा तोच तुझा पंचम. सुधाकर बोलून थांबला की तुझा आधारस्वर हवेत आधीच असतो. एकच तबला दोघांना पुरतो. मी पेटी उघडायच्या आत तू पद उचलू शकतेस.”

ही गोष्ट तांत्रिक वाटेल, पण सगळं प्रकरण तिच्यावर फिरलं. पदाआधी ऑर्गनचा तुकडा वाजला की प्रेक्षक सावरून बसतो, गाणं येतंय हे त्याला कळतं, आणि नटीही नकळत पाऊल पुढे टाकून प्रेक्षकांकडे तोंड करते. तो तुकडाच गेला. पद्माकरचं शेवटचं वाक्य संपतं, त्याच श्वासात सिंधू ‘कशि या’ म्हणते, निम्मं बोलल्यासारखं, निम्मं सुरात. ऑर्गन नुसता आस, म्हणजे मागे लांबवलेला सूर, धरतो. तबला दुसऱ्या आवर्तनानंतर हलकेच येतो.

पण कसं म्हणायचं, हा प्रश्न उरलाच. इथे एका नावाची मदत झाली, जे संगीत नाटकाच्या गप्पांत फारसं निघत नाही : सुंदराबाई. मुंबईत गाजलेली ही गायिका, पुढे ‘माणूस’ चित्रपटात नायकाची आई म्हणूनही दिसली. ‘एकच प्याला’च्या अनेक पदांच्या चाली तिने दिलेल्या. गझल, ठुमरी, दादरा हे तिचं राज्य. म्हणजे शब्द पुरुषाचे, रंगमंचावर उभा राहिलेला पुरुष, पण पदांच्या चालींमागे एका बाईचा गळा होता. ताईला हे माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेला पाठ केलेल्या माहितीसारखं माहीत होतं. काकांनी ते पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, “बालगंधर्वांच्या मागे गेलीस की तान येते. आणखी एक पाऊल मागे जा, तिथे बोल आहे.”

ठुमरीत एकच ओळ चार तऱ्हांनी म्हणतात आणि दर वेळी अर्थाचा वेगळा पदर सुटतो. पुढच्या तालमींत ताईने तेच केलं. ‘कशि’ एकदा भावाला समजावत, एकदा स्वतःलाच विचारत, एकदा चक्क चिडून. चिडलेली सिंधू मी तोवर पाहिली नव्हती. तान एकही नाही. दिग्दर्शकाने त्यात एकच भर घातली, ती चांगली होती : तिच्या हातात बाळाचं दुपटं दिलं, घडी घालायला. पदाची शेवटची ओळ आणि शेवटची घडी बरोबर पडायची. हात कामात असले की गाणाऱ्या बाईचा तो समेवरचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडणारा, हात आपोआप खाली राहतो.

‘वन्स मोअर’चा बंदोबस्त माझ्याकडे आला. माझ्या प्रॉम्प्टच्या प्रतीत त्या पानावर लाल पेनने लिहिलेलं आहे : ‘सम येऊ देऊ नये.’ शेवटची सम पडायच्या आतच पद्माकरने पुढचं वाक्य बोलायचं आणि घाईत एक पाऊल दाराकडे टाकायचं. टाळीला जागाच नाही. नटाला हे पटवायला दोन तालमी गेल्या. तोही संगीत नाटकातलाच, दुसऱ्याची सम मोडणं त्याला पाप वाटत होतं.

एक किरकोळ वाटणारी, पण आम्हाला बरीच छळलेली भानगड माईकची. पूर्वी हे नट माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे. आता कॉलर माईक पदराच्या आत. हळू म्हणायला लागल्यावर माईकची पातळी वाढवली, तर खळ दिलेल्या कोऱ्या लुगड्याची करकर श्वासागणिक ऐकू यायला लागली. ताईने घरून आईचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारी आणलं. प्रश्न मिटला. वेशभूषेच्या बिलातले पैसे वाचले ते वेगळंच. ठिगळंही खरी होती.

पुढे काय झालं

दादरच्या प्रयोगाला कुणी हसलं नाही. रडल्याचंही मी पाहिलं नाही. पदानंतर एक विचित्र शांतता होती, आणि तिच्यावरून प्रवेश पुढे सरकला. मध्यंतरात एक गृहस्थ तावातावाने मागे आले आणि ताईला म्हणाले, “पद अर्धवट टाकलंत तुम्ही.” ताई नमस्कार करून म्हणाली, “हो काका, सिंधूला तेवढंच जमलं.” ते आणखीच चिडले. निर्मात्याचं भाकीत थोडं खरं ठरलं. जुन्या प्रेक्षकांतले काही पुन्हा आले नाहीत, आणि संगीत नाटकात पुन्हा पुन्हा येणारा प्रेक्षक हाच खरा प्रेक्षक असतो. नवे आले, पण त्या प्रमाणात नाही. वही सांगते की नाटक जेमतेम बरोबरीत सुटलं. कुणी या प्रकरणाला यशोगाथा म्हणू नये.

गोव्याचा कॉन्ट्रॅक्ट शो तर उलटाच झाला. तिकडच्या रसिकांना संगीत नाटक म्हणजे गाणं, यात तडजोड नाही. आयोजकांनी आधीच बजावलं होतं. ताईने तिथे पद पूर्ण घेतलं, ताना घेतल्या, दोनदा ‘वन्स मोअर’ दिला. दिग्दर्शक विंगेत हात चोळत होता. मला स्वतःला त्यात गैर वाटलं नाही. तिच्याकडे आता दोन सिंधू होत्या आणि कुठली कुठे उभी करायची ते तिला कळत होतं. वीस वर्षं एकच होती, तीही उसनी.

भूमिकेबद्दल मात्र एक बाब नोंदवायला हवी. सिंधू सोशीक आहे म्हणून हे नाटक आता करू नये, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझा एकच प्रश्न असतो, गीता आठवते का? तळीरामाची बायको. ती नवऱ्याला तोंडावर बोलते, ऐकून घेत नाही. गडकऱ्यांनी दोघींना एकाच नाटकात ठेवलं. एकीला भर प्रेक्षागृहात टाळ्या पडतात, दुसरी नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून मरताना खोटं बोलते. आमच्या दिग्दर्शकाला गीतेच्या तोंडी दोन आजची वाक्यं घालायचा मोह झाला होता. ताईनेच थांबवलं. म्हणाली, “तिला जे बोलायचंय ते ती बोललीय. तू लोकांना ऐकायला वेळ दे.” सिंधूचा आवाज खाली आल्यावर गीतेचा खणखणीतपणा आपोआप वर आला. तो फायदा कुणी आखलेला नव्हता.

ताईच्या कारकिर्दीचं मूल्यमापन करायचं तर मी सिंधूला रुक्मिणीच्या वर ठेवेन, आणि माझ्याशी सहमत होणारी माणसं फार नाहीत. तिच्या रुक्मिणीचं गाणं निःसंशय वरच्या दर्जाचं. पण त्या रुक्मिणीची तारीफ करताना लोक नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायचे. सिंधूवर जे भांडले, ते ताईशीच भांडले. यात तिच्या प्रतिभेइतकाच वाटा परिस्थितीचा होता, हेही खरं. आवाज उतरला नसता तर ती काळी चारमध्येच गात राहिली असती आणि आम्ही टाळ्या मोजत राहिलो असतो. काकांसारखा, पायपेटीचा ऑर्गन टेम्पोतून दादर ते डोंबिवली हलवणारा हट्टी माणूस नसता, तर सगळं कीबोर्डवर एक बटण दाबून निभावलं असतं. पट्टी बदलली असती, पण पट्टी का बदलायची यावर बोलणंच झालं नसतं.

सध्या प्रयोग थांबले आहेत. ताईच्या मालिकेचं कथानक लांबलंय आणि तिच्या तारखा मिळत नाहीत. निर्मात्याने गीता करणाऱ्या मुलीला सिंधू म्हणून तयार करायचं ठरवलं. मुलगी पंचविशीतली, आवाज लखलखीत. ताई सुट्टीच्या दिवशी तिला शिकवायला दादरला येते, स्वतःची खुणा केलेली वही तिला दिली आहे. पहिल्याच बैठकीत काकांनी सूर विचारला तर मुलगी काळी पाचमध्ये गाते. म्हणजे काळी एक हा तिचा ना पंचम ना मध्यम, कोमल गंधार. नायकाच्या सुरावरून पद उचलायची सगळी योजना तिच्यासाठी निकामी, आणि तबलाही वेगळा आणावा लागणार. काकांनी वही मिटली आणि पद्माकरच्या नटाला पुढच्या रविवारी बोलावून घेतलं. त्याचं शेवटचं वाक्य थोडं वरच्या आवाजात संपवता येतं का, ते आधी बघायचं आहे.